बारकीनं सांगेपर्यंत

सोमवार, ४

साहेबांनी आज गोड आवाजात हाक मारली तेव्हाच ओळखलं, काहीतरी गळ्यात पडणार. पडलंच. हॉस्पिटलचं काम आहे. मोठं हॉस्पिटल इथे शहरात, आणि त्यांचंच एक लहान हॉस्पिटल तिकडे लांब डोंगरात. मध्ये टेलिफोन कंपनीची लीज्ड लाइन, म्हणजे फक्त या दोघांसाठीची तार, टाकून झालीय. दोन्ही टोकांना एकेक राउटर बसवायचा आणि त्या दोघांना एकमेकांशी बोलतं करायचं, एवढंच आमचं काम.

लहान हॉस्पिटलात स्कॅनचं मशीन आहे, पण स्कॅन वाचणारा डॉक्टर नाही. आतापर्यंत फिल्म गाडीने इथे यायच्या आणि रिपोर्ट उलट्या गाडीने जायचा. आता फोटो तारेवरून येणार, तासाभरात रिपोर्ट. या आनंदात त्यांनी गाडी एक तारखेपासून बंद करून टाकलीय. लाइन सुरू व्हायच्या आधीच. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे, देव जाणे. तिकडे स्कॅन नुसते साठत चाललेत.

"तिकडे हाताशी कोण आहे?" मी विचारलं.

"स्कॅनचे टेक्निशियन आहेत. वर्षानुवर्षं तिथेच आहेत. फार सज्जन माणूस," साहेब म्हणाले.

तो सज्जन माणूस माझा सख्खा भाऊ आहे, हे साहेबांना माहीत नाही. मीही सांगितलं नाही.

आई गेली तेव्हापासून मी दादाशी बोललेले नाही. आई महिनाभर अंथरुणाला खिळून होती आणि यानं मला पत्ता लागू दिला नाही. मी परगावी ट्रेनिंगला होते. फोनवर रोज विचारायचे, आई कशी आहे, तर म्हणायचा, मजेत आहे. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. "तुझं ट्रेनिंग अर्धवट राहिलं असतं," म्हणाला. जसं काही आई परत भेटणार होती आणि ट्रेनिंग मात्र नाही.

हे काम नको म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. का, ते माझं मलाच कळत नाहीये.

नवरा म्हणतो, "बरं झालं. राउटर बोलायला लागले की तुम्ही दोघंही लागाल." असले विनोद करून जेवताना एकटाच हसत होता.

बुधवार, ६

आमच्या टोकाचा राउटर काल लावून झाला. आज तिकडे फोन केला. म्हटलं, "नेटवर्क कंपनीतून बोलतेय."

तिकडून, "बारके?"

बारकी. घरात मला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारलीच नाही. आता ती हाक मारणारा एवढा एकच उरलाय. ऐकून बरं वाटलं आणि त्याचाच राग आला.

"कामाचं बोलू या," मी म्हटलं.

"बोल की."

तिकडची तऱ्हा अशी: फोन खाली, स्कॅनच्या खोलीत. मोडेम आणि राउटर वरच्या मजल्यावर, सामानाच्या खोलीत, कारण टेलिफोनची तार तिथून आत येते. मोबाइलला तिथे रेंज नाही. म्हणजे मी सांगायचं, त्यानं वर जाऊन करायचं, कुठले दिवे लागले ते बघून खाली येऊन मला सांगायचं. आज केबल जोडून घेतल्या. त्याला वर पाठवलं की मी फोन कानाला लावून बसून राहते. एक जिना चढायला माणसाला किती वेळ लागतो? माझी बोटं टेबलावर वाजून वाजून दुखली.

"चहा पीत पीत जातोस का वर?" मी शेवटी विचारलं.

"नाही गं. पाय जरा झोपलाय."

"मग उठव त्याला."

तो हसला. त्याचं हसणं अजून तसंच आहे. मी काही हसले नाही.

गुरुवार, ७

दिवसभर तेच. दोन्ही राउटर एकाच पद्धतीनं बोलायला हवेत. एक एका रीतीनं पाठवतोय आणि दुसरा दुसऱ्याच रीतीची वाट बघतोय, असं झालं की लाइन धडधाकट असूनही ढिम्म. मी फोनवर एकेक ओळ सांगायची, त्यानं कागदावर उतरवायची, लॅपटॉप घेऊन वर जाऊन टाइप करायची. एका ओळीत एक टिंब सुटलं की पुन्हा वर. पाच-सहा वेळा तरी चढवला असेल मी त्याला. मुद्दाम नाही. पण वाईटही वाटत नव्हतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

एकदा लॅपटॉपसकट जिन्यात पडला. लगेच म्हणाला, "लॅपटॉपला काही झालं नाही, घाबरू नकोस." त्याला लागलं का, ते विचारायचं राहून गेलं.

फोन ठेवताना म्हणाला, "बारके, इथे एक पेशंट आहे. कमरेखालची ताकद जातेय त्याची. मणक्यात काहीतरी दाबतंय असं मला फोटोत दिसतं, पण मी काही डॉक्टर नव्हे. मोठ्या डॉक्टरांनी बघायला हवं. लाइन कधी होईल?"

"उद्या."

"नक्की? नाहीतर गाडी करून शहरात पाठवावं म्हणत होतो."

"उद्या म्हटलं ना. माझ्या कामावर विश्वास नाही का तुझा?"

"तुझ्यावर नाही तर कुणावर," तो म्हणाला. "मग थांबायला हरकत नाही."

याच्या पेशंटची काळजी याला. वहिनीला तरी कधी एवढं विचारत असेल की नाही, कुणास ठाऊक.

शुक्रवार, ८

सगळं लिहूनही लाइन उठेना. मग म्हटलं, आधी मधली तार तपासू. तिकडच्या मोडेमवर पुढेच एक बारीक बटण असतं. ते दाबलं की मी पाठवलेलं सगळं तिथून वळून माझ्याकडेच परत येतं. तसं आलं, की तार ठीक आहे हे कळतं. त्याला लूप म्हणतात. तपासून झालं की बटण पुन्हा बाहेर काढायचं.

दादाला म्हटलं, "बटण दाब, आणि मी सांगेपर्यंत त्याला अजिबात हात लावायचा नाही. मध्येच आपल्या मनानं काहीतरी करून ठेवू नकोस."

"नाही लावत," म्हणाला, आणि गेला वर. त्याला खाली यायला एवढा वेळ लागला की तोवर माझी तपासणी उरकलीसुद्धा होती. तार एकदम चोख. चूक आमच्याच टोकाला होती, माझी एक ओळ चुकली होती. ती नीट केली. म्हणजे लाइन झाल्यातच जमा. खूश होते मी. तो धापा टाकत फोनवर आला.

"काय रे, एवढा काय दमतोस?"

"काही नाही. मजेत आहे."

मजेत आहे. नेमका तोच शब्द. माझं डोकं सटकलं. म्हटलं, "तू आईबद्दलही रोज हेच सांगायचास. मूग गिळून बसायचं आणि वर मजेत आहे म्हणायचं. तुझ्या तोंडून आयुष्यात एक खरी गोष्ट मी ऐकलेली नाही." आणखीही बरंच बोलले. ऑफिसातली माणसं माना वळवून बघायला लागली तरी थांबले नाही. तो मध्ये एकदाच म्हणाला, "बारके, ऐक तरी." मी म्हटलं, "आता मला फोन करायचा नाही. गरज लागली तर मी करीन." आणि आपटला फोन.

बरं वाटलं. इतक्या वर्षांचं एकदाचं बाहेर पडलं.

शनिवार, ९

सुट्टी असून ऑफिसात गेले, कारण लाइन संपवून टाकायची होती. राउटर म्हणतो, लाइन लूपमध्ये आहे. मी पाठवतेय ते माझ्याकडेच परत येतंय. म्हणजे टेलिफोनवाल्यांनी एक्स्चेंजमध्ये तपासणीसाठी लूप लावला असणार आणि काढायला विसरले असणार. नेहमीचंच आहे यांचं. तक्रार टाकली. आता त्यांची सुट्टी, म्हणजे सोमवारपर्यंत बसा.

सोमवार, ११

टेलिफोनवाल्याशी डोकेफोड. शांत माणूस आहे, तेच जास्त चीड आणतं.

"मॅडम, आमच्याकडे कुठेच लूप नाही. तुमच्या लांबच्या टोकाला बघून घ्या ना एकदा."

"लांबच्या टोकाला माझा माणूस आहे. तिथे काही नाही."

"तरी एकदा विचारून..."

"तुमची चूक आमच्या माथी मारू नका."

साहेबांनीही तेच विचारलं, तिकडचं तपासलं का. मी म्हटलं, हो, सगळं तपासलंय. तपासलेलं नाही. पण त्यासाठी दादाला फोन करावा लागेल, आणि शुक्रवारचं तोंड घेऊन तो मी करणार नाही. आणि तपासायचं तरी काय? तपासणी झाली की बटण सोडायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

दुपारी वहिनीचा फोन येत होता. घेतला नाही. त्यानं मध्यस्थीला बसवली असणार. स्वतःला जमत नाही ते बायकोकडून करून घ्यायचं.

बुधवार, १३

टेलिफोनवाले आमच्यावर ढकलतात, आम्ही त्यांच्यावर. मोठ्या हॉस्पिटलातून साहेबांना खरमरीत फोन आला. तिकडचे पेशंट खोळंबलेत म्हणे. मी टेलिफोन कंपनीच्या वरच्या माणसाला असं झणझणीत पत्र लिहिलं की साहेबांनी दोन वाक्यं काढायला लावली. लिहिताना मजा आली, खोटं कशाला बोलू.

वहिनीचा पुन्हा फोन. सकाळी एकदा, मग जेवणाच्या सुट्टीत. दुसऱ्या वेळी वाजून वाजून बंद पडेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. नवरा म्हणतो, घ्यायला काय जातं तुझं. याला काय, याच्या घरी सगळी एकमेकांना सर्दी झाली तरी कळवतात.

त्या पेशंटची आठवण झाली, कमरेखालची ताकद जाणाऱ्या. त्याला एव्हाना गाडीनं पाठवला असेल. दादा वेंधळा आहे, पण पेशंटच्या बाबतीत नाही.

शुक्रवार, १५

टेलिफोन कंपनीनं शेवटी आपला लाइनमन वर पाठवला. दुपारी त्याचा फोन आला. तिथल्याच फोनवरून.

"मॅडम, लूप सापडला. तुमच्याच मोडेमचं बटण आत दाबलेलं आहे."

मी म्हटलं, "शक्य नाही."

"त्यावर चिकटपट्टीनं कागद लावला होता, तो खाली घेऊन आलोय. वाचून दाखवू? 'बारकीनं सांगेपर्यंत हात लावू नये.' ही बारकी कोण, मॅडम? त्यांना विचारून काढू का बटण?"

मी म्हटलं, काढा.

तो वर गेला आणि थोड्याच वेळात माझ्यासमोर लाइन उठली. दोन्ही राउटर बोलायला लागले, माहितीचं एकही पॅकेट न गाळता. सगळा आठवडा मी ज्याची वाट बघत होते ते झालं, आणि मी खुर्चीत तशीच बसून राहिले. शुक्रवारी मी त्याला बटण सोडायला सांगितलंच नव्हतं. भांडले, फोन आपटला आणि वर बजावलं की फोन करू नकोस. त्यानं दोन्ही पाळलं.

लाइनमन परत फोनवर आला तेव्हा विचारलं, टेक्निशियन आहेत का तिथे, द्या फोन. तो म्हणाला, "ते आतल्या खाटेवर आहेत. मला जिना दाखवायला त्यांनी नर्सबाईंना पाठवलं." मला वाटलं, रुसलाय. रुसू दे, म्हटलं, त्याचा हक्कच आहे. रविवारी जाऊन माफी मागायची असं ठरवलंही.

तेवढ्यात साठलेले स्कॅन यायला लागले. मोठ्या हॉस्पिटलात आमचं मशीन आहे तिथे मी जाऊन बसले, एकेक फाइल नीट उतरतेय का ते बघायला. त्यात एका फाइलवर माझं माहेरचं आडनाव. मी हसले. म्हटलं, या शहाण्यानं तपासणीसाठी स्वतःचाच फोटो काढून टाकलेला दिसतोय.

स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई शेजारी होत्या. त्यांनी ती फाइल उघडली आणि चष्मा वर केला. तारीख बघितली. ती सात होती.

"हा पेशंट आता कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "मणका खचलाय आणि मज्जारज्जू दाबला जातोय. हा मला त्याच दिवशी दिसायला हवा होता. कुणाचा आहे हा?"

"माझा," मी म्हटलं.

"मग फोन करा. आत्ताच्या आत्ता इकडे आणा."

वहिनीनं पहिल्या रिंगला फोन उचलला. मला ती एक शब्द वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवार, १७

काल पहाटे त्याला आणलं. दुपारी ऑपरेशन. मणक्यात गाठ होती, काढली. ती कसली ते कळायला वेळ लागेल. पायांचं विचारलं तर सर्जन म्हणाले, बघू. 'बघू' हा शब्द मीही लोकांना रोज सांगते, लाइन होणार नाही हे माहीत असताना.

बाकावर वहिनी आणि मी. तिनं आपण होऊन सांगितलं. "मी त्यांना म्हटलं, गाडी करू आणि जाऊ. तर म्हणाले, बारकी करतेय लाइन, आज-उद्या होईलच. आणि मी गेलो तर मोडेमपाशी कोण? तिनं हात लावू नको म्हटलंय. शेवटी मीच तुम्हाला फोन केले, त्यांच्या चोरून."

"मला माहीत नव्हतं गं."

"त्यांना कुणी एक गोष्ट सांगितली की संपलं," ती म्हणाली. "आईंनी हात हातात घेऊन सांगितलं होतं, बारकीचं ट्रेनिंग होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही. मी किती भांडले, कळवा म्हणून. नाही म्हणजे नाही. आणि आईंनी सांगितलं होतं, हेही तुम्हाला कधी बोलले नाहीत. म्हणाले, गेलेल्या माणसावर कशाला ढकलायचं."

मी उठून नळावर गेले. तोंड धुतलं, परत धुतलं. इतकी वर्षं मी याला खोटारडा म्हणत आले. त्यानं फक्त आईचा शब्द मोडला नव्हता. आणि मी टेलिफोनवाल्यांवर खापर फोडत, टेचात पत्रं लिहीत बसले होते, तेव्हा तो खाली पडून माझ्या निरोपाची वाट बघत होता.

बुधवार, २०

पाय हलत नाहीत. आज सर्जन आले, तळव्यांवर टोचून बघितलं, दादाला काही कळलं नाही. ते वहिनीला बाहेर घेऊन गेले, समजावून सांगायला. खोलीत आम्ही दोघंच.

खाटेजवळची खुर्ची पुढे ओढून बसले. माफी मागायची होती. ती नाहीच मागता आली. दुसरंच तोंडातून निघालं.

"दादा, त्या शुक्रवारी मी बटण सोडायला सांगितलं असतं तर?"

"तर काय? लाइन आठवडाभर आधी झाली असती."

"लाइनचं नाही विचारत."

"हे असंच होणार होतं गं. जुनं दुखणं आहे. त्या बटणाचा काय संबंध? तू उगाच डोक्यात घेऊ नकोस. जेवलीस का?"

"खोटं बोलू नकोस."

"अगं..."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. इतकी वर्षं तू हेच फोटो काढतोयस. असे किती पेशंट बघितलेस. तुला माहीत आहे. मला खरं सांग, दादा. एकदा तरी सांग."

तो छताकडे बघत राहिला. दाढी वाढलीय, पांढरी झालीय सगळी. मला आधी दिसलीच नव्हती. मी त्याला बघितलंच नव्हतं ना, नुसता आवाज ऐकत होते.

"त्या शुक्रवारी मी जिना चढत होतो," तो हळूहळू म्हणाला. "कठडा धरून, पण चढत होतो. सोमवारी डावा पाय गेला. बुधवारी उजवा. पाय पूर्ण जायच्या आधी ऑपरेशन झालं, की माणसं चालतात. मी बघितलीत." मग माझ्याकडे मान वळवली. "मी चाललो असतो, बारके."

आई गेल्यापासून मी त्याच्याकडे हे एकच मागत होते. आता वाटत होतं, कानांवर हात ठेवावेत आणि त्याला म्हणावं, नाही, आधीचंच सांग, मजेत आहेस म्हण. पण नुसतं डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

त्यानं हात पुढे केला, तो माझ्या गुडघ्यापर्यंतच पोचला.

"रडू नकोस," तो म्हणाला. "तू सांग म्हणालीस म्हणून सांगितलं."